सरांनी कधीच न घेतलेला टाइमआउट

काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा सकाळचा सराव चालू होता. सरांना उशीर झाला होता, आणि उशीर हा प्रकार त्यांच्या रक्तातच नव्हता, म्हणून ते आले की काय टोमणा मारायचा याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते. "अगं, हे उठेनात," काकू म्हणाल्या. एवढंच. मग फोनवर शेजारचं कुणीतरी आलं आणि कन्नडमध्ये सांगत राहिलं... डॉक्टर येऊन गेले, झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही... मी ऐकत होते आणि समोर पोरी एकमेकींकडे चेंडू फेकत होत्या. खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फायनलचा. तोंडावर आलेली फायनल! दुसरा विचार असा की आता मी भांडू कुणाशी? रडू फार उशिरा आलं, स्कूटर चालू करायला गेले आणि किल्लीच लागेना तेव्हा.

नारायणराव जगताप सर म्हैसूरच्या एका महिला कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते, डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून ते पार उडून जाईपर्यंत. मी त्यांची सहप्रशिक्षक. गेल्या महिन्यात कॉलेजमध्ये शोकसभा झाली. टेबलावर सरांचा फोटो, फोटोला हार, आणि शेजारी, सरांच्या घरून आणलेला, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा कप. सर गेल्यावर आम्ही फायनल खेळलो आणि जिंकलो. त्यांच्या इतक्या वर्षांत कॉलेजला एकदाही न मिळालेला कप. मग काय, जो उठला तो म्हणाला, सरांचं स्वप्न पूर्ण झालं. देवमाणूस, पितृतुल्य, ऋषितुल्य... माझं डोकं सटकलं. अरे, हा माणूस आयुष्यभर बास्केटबॉल शिकवत होता, तो कसा शिकवायचा, त्यात काय बरं होतं, काय साफ चुकत होतं, यावर कुणी एक वाक्य बोलेल की नाही? मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले, फोटोला नमस्कार केला आणि खाली बसले. तेव्हा जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते आहे. कारण तो कप सरांच्या पद्धतीने आलेला नाही. सरांनी जे कधीच केलं नाही, ते मी केलं म्हणून आला. आणि त्याचा आनंद करावा असं माझ्याजवळ आता काहीही उरलेलं नाही.

मी सांगलीची. लग्न होऊन नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले, विजयनगरात घर घेतलं. विद्यापीठाकडून खेळले होते, हात शिवशिवत होते, म्हणून एक दिवस विचारत विचारत त्या कॉलेजच्या मैदानावर गेले. सिमेंटचं कोर्ट, कडेला पावसाळ्यात शेवाळणारी पायरी, आणि पायरीवर बसलेले सर. मी चेंडू मागितला आणि लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, एकामागून एक बास्केट टाकायला लागले. वाटलं, म्हातारा खूश होईल. म्हातारा म्हणाला, "मराठी आहेस ना? लांबून मारतेस. जवळ यायला भीती वाटते काय?" मी चमकले. एक तर इथे मराठी ऐकू येईल असं वाटलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे ते खरं होतं. मला धक्काबुक्कीची भीतीच वाटायची, म्हणून मी लांबून मारायला शिकले होते. हे सांगलीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यांनी पाच मिनिटांत ओळखलं, तेही नुसतं माझ्या पायांकडे बघून.

त्यांचं घराणं जुन्या म्हैसूर संस्थानच्या फौजेतलं. "आमचे पूर्वज घोड्यावरून आले, आम्ही स्कूटरवर राहिलो," असं ते म्हणायचे. लष्कर मोहल्ल्यात, पत्रा ठोकणाऱ्यांच्या दुकानांमागे त्यांचं घर. मराठी घरात बोलायचे पण अर्ध्या वाक्यात कन्नड शिरायचं, आणि माझं मराठी ऐकून हसायचे. "ही बघा, रेडिओ लागला." मला नावाने कधी हाक मारली नाही. सांगलीबाई. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, "ओ सांगलीबाई!" पोरींनीही तेच उचललं, पाठीमागे अर्थातच.

आता त्यांच्या जमेच्या बाजूचं. सरावात चेंडू जमिनीवर आपटायला बंदी. ड्रिबल करायचाच नाही, नुसते पास. सुरुवातीला नवीन पोरी रडकुंडीला यायच्या, पण दोन-तीन महिन्यांत असं व्हायचं की चेंडू हातात येण्याआधीच पुढची कुठे आहे हे त्यांना कळलेलं असायचं. आमच्याकडे उंच मुली कधीच नव्हत्या. उंच मुली मोठ्या कॉलेजांत जातात, तिथे हॉस्टेल असतं, बूट मिळतात. आमच्या पोरी बुटक्या, काटक, आणि घरून चोरून आल्यासारख्या येणाऱ्या. त्यांच्याकडून काय होईल आणि काय होणार नाही हे सरांना नेमकं ठाऊक होतं. दरवर्षी मोसमाआधी ते सगळ्यांना तलकाडला घेऊन जायचे. देवळांत जायचं नंतर, आधी वाळूत पळायचं. "टाच टेकलीस की रुतलीस," असं ओरडत स्वतः चपला हातात घेऊन मागून चालायचे. मग कावेरीत पाय सोडून दहीभात. त्या वाळूने आमच्या पोरींचे पाय असे तयार व्हायचे की चौथ्या क्वार्टरला समोरच्या संघाची धाप लागलेली असायची आणि आमच्या पळत असायच्या.

आणि नजर! मॅचआधी दुसरा संघ वॉर्मअप करत असतो तेव्हा बाकीचे प्रशिक्षक आपल्या संघाला उपदेश पाजत असतात. सर आपल्या पोरींकडे पाठ करून बसायचे आणि समोरच्यांना बघायचे. मग एकेकीला बोलावून हळूच सांगायचे. ती लांब वेणीवाली आहे ना, ती डावीकडून कधी जात नाही, तिला डावीकडेच ढकल. ती जाडी, तिचा गुडघा दुखतोय, तिला दोनदा उडी मारायला लाव, तिसऱ्यांदा मारणार नाही. हे असं, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. मी पुढे रीतसर प्रशिक्षणाचा कोर्स केला, पण ही नजर मला कुठल्या कोर्सने दिली नाही. आजही नाही. मी बघते, खूप बघते, आणि मला फक्त मुली दिसतात.

पण मॅच सुरू झाली की हा माणूस संपायचा. बेंचवर दोन्ही तळहात मांडीखाली घालून बसायचे, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक बसतात तसे. संघ हरत असो, जिंकत असो, टाइमआउट म्हणून नाही. नियमाने मिळणारे टाइमआउट, म्हणजे खेळ मिनिटभर थांबवून पोरींशी बोलायची संधी, फुकट जायचे. बचाव एकच, झोन, म्हणजे प्रत्येकीने समोरची खेळाडू नाही तर आपापली जागा राखायची. समोरचा संघ लांबून मारणारा असला की झोनच्या चिंधड्या उडायच्या, आणि मी कानाशी कुजबुजायचे, सर, मॅन-टू-मॅन लावा, एकेकीला एकेक धरू दे. "सुम्ने बस गं," म्हणजे गप्प बस. आणि सगळ्यात कहर म्हणजे सुरुवातीला उतरलेल्या पाच जणी शेवटपर्यंत त्याच पाच. कुणी लंगडली, कुणाचे पाच फाऊल होऊन पंचांनीच बाहेर काढलं, तरच बदली. स्वतःहून त्यांनी कुणालाही खाली बसवलं नाही. राखीव पोरी वर्षभर सराव करायच्या आणि मॅचला टाळ्या वाजवायच्या. याला मी हट्ट म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. सर हरकत घ्यायचे नाहीत. "हट्ट तर हट्ट. होगली बिडु." जाऊ दे, सोड.

गेल्या वर्षीची फायनल मी विसरू शकत नाही. सौम्या आमची सगळ्यात चांगली खेळाडू. लष्कर मोहल्ल्यातलीच, तिच्या वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान सरांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्येच तिचे चार फाऊल झाले. आणखी एक झाला की ती बाद. लहान पोरालाही कळेल की आता हिला थोडा वेळ बसवायचं आणि शेवटच्या मिनिटांसाठी राखून ठेवायचं. मी सरांचा दंड धरून हलवला. ते मांडीखालचे हात काढायला तयार नाहीत! पुढे जे व्हायचं तेच झालं. पाचवा फाऊल झाला, सौम्या रडत बाहेर आली, आणि आम्ही एका बास्केटने हरलो. मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले, "सर, आज पोरी नाही हरल्या, तुम्ही हरलात." ते म्हणाले, "हो." आणि चेंडू गोळा करायला लागले. बक्षीस समारंभात मात्र मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या संघाच्या हातातल्या कपाकडे ते असे बघत होते, की माझा सगळा राग गळून गेला. हा कप त्यांना हवा होता. फार हवा होता. आणि तो मिळण्याच्या वाटेत ते स्वतःच पाय रोवून उभे होते, हे मला कळत होतं आणि त्याचं कारण कळत नव्हतं.

या वर्षी सेमीफायनल जिंकलो त्या संध्याकाळी आम्ही नेहमीच्या टपरीवर कॉफी घेतली. सर खुशीत होते. दोन्ही हातांनी ग्लास धरून फुंकर मारत होते. मी संधी साधली. "सर, फायनलला सौम्याचे फाऊल झाले तर बसवू या ना थोडा वेळ? एकदाच. माझ्यासाठी." आता "सुम्ने" येणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी उरलेली कॉफी संपवली, ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "बघू गं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघू! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, किल्ला पडला बरं का. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. त्या "बघू"चा अर्थ होकार होता की ती नुसती माझी समजूत काढली होती... हे आता कोण सांगणार?

फायनलला बेंचवर मी एकटी बसले. प्रेक्षकांत सौम्याचे वडील होते, दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. सामना अटीतटीचा. आणि जणू कुणीतरी मुद्दाम माझी परीक्षा घ्यायला बसलं होतं, सौम्याचे पुन्हा चार फाऊल झाले. मी उठले आणि टाइमआउट मागितला. पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या, टाइमआउटला काय करायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी सौम्याला बसवलं, रक्षिता नावाच्या राखीव पोरीला उतरवलं, आणि झोन मोडून मॅन-टू-मॅन लावला. सौम्या म्हणाली, "मेडम, मला काही झालेलं नाही." मी म्हणाले, "माहीत आहे. थोडा वेळ बस." तिने एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं, मग टॉवेल डोक्यावरून घेतला. रक्षिता काय खेळली म्हणून सांगू! वर्षानुवर्षं टाळ्या वाजवलेली पोर, समोरच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला चिकटली ती सोडेचना. आम्ही पुढे गेलो. शेवटची मिनिटं आली, सौम्याला परत उतरवायची वेळ आली, आणि मी नाही उतरवलं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? आम्ही जिंकलो. मी डावपेचांची शिक्षिका म्हणून हा सामना उद्या वर्गात शिकवायला घेतला तर माझा एकही निर्णय चुकीचा ठरणार नाही.

कप घेऊन मी आधी सरांच्या घरी गेले. काकूंनी तो हातात घेतला, पदराने पुसला, आणि मला विचारलं, "कुणाला बसवलंस काय गं?" मी म्हणाले, सौम्याला. त्या खाली बसल्या. मग त्यांनी सांगितलं. सर नवीन होते तेव्हाची गोष्ट, गिरिजा नावाची एक मुलगी होती, घरच्यांचा खेळाला विरोध, सरांनी वडिलांचे पाय धरून तिला आणली होती. एका मॅचला ते वडील पहिल्यांदाच बघायला आले. गिरिजा दमली होती, सरांनी तिला खाली बसवलं. साधी गोष्ट. वडील उठले, बेंचपाशी आले आणि मुलीचा हात धरून घेऊन गेले. सर तिच्या घरी गेले तर वडिलांनी कॉफी दिली, बसा म्हणाले, आणि म्हणाले, तुम्हालाच ती नको होती, मग आम्ही कशाला पाठवू? चार लोकांत खाली बसवली ना तिला. गिरिजा पुन्हा आली नाही. लवकरच लग्न झालं. "त्या दिवसापासून यांनी कानाला खडा लावला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, या पोरींचे बाप खेळ बघायला येत नाहीत, आपल्या पोरीला कोण काय म्हणतं ते बघायला येतात."

मला इतका संताप आला की काय सांगू. "मग मला का नाही सांगितलं? इतकी वर्षं मी भांडत होते त्यांच्याशी! हट्टी म्हणत होते, नाही नाही ते बोलले!" काकू रडता रडता हसल्या. "मी म्हणाले होते गं त्यांना, सांगा त्या पोरीला. तर म्हणाले, नको. सांगितलं तर ती भांडायची थांबेल. मग बोलू कुणाशी?"

मी तो कप तिथेच ठेवून उतरले. जिन्यात बसून राहिले. बाहेर पत्रा ठोकणं चालू होतं.

सोमवारी सौम्या सरावाला आली नाही. मंगळवारी नाही. फोन बंद. मी स्वतःला समजावलं, परीक्षा असेल, ताप असेल. ती आलीच नाही. शोकसभेनंतरच्या आठवड्यात तिचे वडील सकाळी मैदानावर आले. गेटपाशी चपला काढून ठेवल्या, देवळात आल्यासारख्या, आणि माझ्यासमोर एक पिशवी धरली. आत सौम्याची जर्सी होती, धुतलेली, इस्त्री केलेली, घडी घातलेली. रागात नव्हते हो. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते, भांडण मला येतं. अगदी मऊ आवाजात कन्नडमध्ये म्हणाले, "मेडम, सर होते तोवर काळजी नव्हती. आता कपही आला. आता साकु." पुरे. मी म्हणाले, तिला खेळता येत नव्हतं म्हणून नाही हो बसवलं, तिला वाचवायला बसवलं, ती आमची सगळ्यात चांगली... माझं कन्नड अशा वेळी नेमकं पळून जातं. ते मान डोलावत राहिले. मी विचारलं, सौम्या कशी आहे? म्हणाले, बरी आहे, दुकानात बसते, हिशेबाला हुशार आहे. मग पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघून घ्या मेडम. डाग राहिला नाही ना?" ते थांबलेच होते, म्हणून मी जर्सी उलगडून बघितली, पुढून आणि मागून. डाग नव्हता. तसं सांगितलं. ते नमस्कार करून गेले.

ती मी बसवलं म्हणून गेली, की सर गेले म्हणून तशीही गेली असती? रोज सकाळी हे डोक्यात फिरतं आणि कुठेही पोचत नाही. लोक भेटतात, अभिनंदन करतात. प्राचार्य म्हणाले, आता कॉलेजला विजयाची सवय लागू दे. रक्षिता आता पहिल्या पाचात आहे, आणि तिचे वडील एकदाही बघायला आलेले नाहीत. ते येऊ नयेत असं मला वाटतं, आणि असं वाटणारी मी कसली प्रशिक्षक! सरांना डावपेच कळत नव्हते असं मी आयुष्यभर म्हणत आले. त्यांना समोरच्या संघातल्या मुलीचा दुखरा गुडघा दिसायचा, त्यांना हे दिसत नसेल? त्यांना कप दिसत होता आणि पोरही दिसत होती. दर वर्षी त्यांनी पोर घेतली आणि कप सोडला, आणि वर माझ्या शिव्या खाल्ल्या. आणि तरीही सांगते, राखीव पोरींवर त्यांनी अन्याय केला, रक्षितासारख्या किती जणी टाळ्या वाजवून निघून गेल्या, ते चूकच होतं. मी हे मागे घेणार नाही. त्यांनीही घेऊ दिलं नसतं.

सराव संपला की पोरी जातात आणि मी सामानाच्या खोलीत चेंडू मोजून ठेवते. तिथे आमची सगळी भांडणं व्हायची, सर स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडायचे आणि मी दारात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायचे. आता खोलीत मी एकटीच असते, तरी बोलते. बाहेरून कुणी ऐकलं तर वेडी म्हणेल, म्हणू दे. कालही बोलले. म्हणाले, सर, चार फाऊल झाल्यावर तिला बसवायलाच हवं होतं, बरोबर मीच होते. आता तिला परत कसं आणायचं, तेवढं सांगा.